अंडं देऊ की नको

बदकवाल्या बाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं शंकासुर म्हणत. पण राहून जायला ते काही दुकानातून आणायचं मीठ नव्हतं. उत्तर त्यांनी लिहिलं होतं, चांगलं चार-पाच वेळा लिहिलं होतं. पेटीत टाकलं मात्र एकदाही नाही.

पत्र होतं एवढंसं. वहीच्या पानावर, ठसठशीत अक्षरात:

'साहेब, परवा तुम्ही माझ्या विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून नेलंत. आम्ही प्यायला बाहेरून येणारं टँकरचं पाणी घेतो, पण माझी बदकं विहिरीचंच पितात, त्यातच डुंबतात. नात माझ्याकडेच असते. तिला नुकते दात येताहेत. सकाळी एक अंडं मऊ उकडून भरवते. तर ते देऊ की नको? हो किंवा नाही, एवढंच कळवा. लांबण लावू नका, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.'

शंकासुर तेव्हा पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होते. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीपटावर होतं. एरवी सगळे त्यांना शंकासुरच म्हणत, आणि ते बिनतक्रार ओ देत. इतरांनी एकदा मोजलेलं ते पुन्हा पुन्हा मोजत. संध्याकाळी कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत गेले, की गॅसचा नळ बंद केला का, या शंकेने परत येत. बघून निघाले, की बघता बघता चुकून उघडला तर नाही ना, म्हणून पुन्हा परत. वाचनाचा नाद जबर, बोलायची मात्र चोरी. बाईंचं पत्र त्यांनी फाइलला लावलंच नाही. जे पुस्तक हातात असेल त्यात ते खूण म्हणून राही. पुस्तक संपलं की पुढच्या पुस्तकात मुक्काम हलवी. पान उघडलं की आधी तेच दिसे: देऊ की नको?

एकदा उत्तराचा एक मसुदा बायकोच्या हाती लागला. 'आपल्या पत्रातील मुद्द्याच्या अनुषंगाने, तूर्त उपलब्ध माहितीच्या मर्यादेत...' असं सुरू होऊन पानभर चाललेलं. तिने तो शेवटपर्यंत वाचला, हे तिच्या प्रेमाचंच लक्षण.

"अहो, हे वाचून त्या बाईला एवढंच कळेल की तुमच्याकडे शाई भरपूर आहे."

"तसं नाही गं. इथे 'तथापि' आहे ना, तो महत्त्वाचा आहे."

"तिने अंड्याचं विचारलंय. तथापिचं नाही."

शंकासुरांनी मसुदा घडी करून खिशात घातला. तिचं खरं होतं, पण त्यांची अडचणही खोटी नव्हती.

बाई राहत त्या खालच्या आळीच्या वर, चढावर एक कारखाना होता. तिथे कापडाला असा लेप देत की पाणी पडलं तर थेंब मोत्यांसारखे घरंगळून जावेत, तेल सांडलं तर डाग बसू नये. लेप झकास, पण त्याचं धुवण वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं आणि उताराने खालच्या आळीतल्या विहिरींत उतरलं. त्या रसायनाचं नाव घेताना जीभ ठेचकाळे, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला 'लोचट' म्हणत. लोचट उन्हाने विटत नाही, मातीत सडत नाही, पाणी उकळलं तर जात नाही, उलट पाणी आटतं आणि हा दाट होतो. अंगात शिरला की नको असलेल्या पाहुण्यासारखा वर्षानुवर्षं ठाण मांडतो. त्याला आळा घालायला समिती बसली, तर तिने ठरवलेली मर्यादा दर थोड्या वर्षांनी खाली यायची. काल जे पाणी चालत होतं ते आज चालेना. एकावर बंदी आली की कारखाना त्याच्या चुलतभावाला कामावर घेई. नाव वेगळं, नाक तेच. आणि मर्यादा होती ती पिण्याच्या पाण्याला. अंड्याला मर्यादाच नव्हती. जिथे मर्यादा नाही, तिथे खात्याला 'जास्त आहे' म्हणता येईना आणि 'ठीक आहे' तरी कुठल्या तोंडाने म्हणणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात पाण्याचे आकडेही बुडाले, ते एका कोऱ्या बाटलीपायी.

नमुने घ्यायला जाताना बरोबर एक कोरी बाटली न्यायची असते. तिच्यात प्रयोगशाळेतलं अगदी निर्मळ पाणी. विहिरीपाशी ती उघडायची, ते पाणी तिथल्या तिथे दुसऱ्या बाटलीत ओतायचं आणि बूच लावायचं. विहिरीशी तिचा संबंध नाही, म्हणून तिच्यात काहीही सापडता कामा नये. सापडलं, तर ते नमुना घेणाऱ्याच्या हातातून, कपड्यांतून, सामानातून आलं असं समजायचं. शंकासुरांच्या कोऱ्या बाटलीत लोचट सापडला.

खात्याने कारखान्यावर खटला भरला होता; त्याच्या सुनावणीत कारखान्याच्या वकिलाला आयतंच कोलीत मिळालं. "ज्या बाटलीत काहीच नसायला हवं तिच्यातही हे निघतं, तर विहिरीतलं आमचंच कशावरून? साहेबांच्याच खिशातून सांडलं असेल!" सगळे हसले. शंकासुरही कसनुसं हसले, कारण त्यांना ते पटलं होतं. आकडे रद्द झाले आणि खटला रखडला.

मग शोधाशोध. हातमोजे तपासले, बुचं तपासली, पंपाची नळी तपासली. शेवटी, तेव्हा नुकतीच शिकाऊ म्हणून लागलेली एक मुलगी खुंटीवरच्या निळ्या रेनकोटाकडे बघत राहिली. "सर, याच्यावर पाणी थांबतच नाही, नाही?" तिने कोटाच्या आतल्या शिवणीतून नखाएवढा तुकडा कापून यंत्राला दिला. कागदावरची रेघ अशी उसळली की कागदाच्या बाहेरच जायची.

कोट बायकोने दिलेला. नदी-नाल्यांवर भिजून हे दर हिवाळ्यात खोकत बसतात, म्हणून तिने दुकानंच्या दुकानं पालथी घालून आणलेला. घालून दाखवला तेव्हा म्हणाली होती, "अगदी नवरदेव दिसताय." नमुने घेताना असले कपडे घालायचे नाहीत, हा नियम तोवर त्यांच्या प्रयोगशाळेत पोचलाच नव्हता; तो नंतर आला. बायकोला हे सांगायचं म्हटलं तर शंकासुरांची जीभ उचलेना. ते एवढंच म्हणाले, "कोट जरा घट्ट होतो." ती बिचारी शिवणी उसवून, सैल करून घेऊन आली.

"आता?"

"अजून थोडासा घट्ट वाटतो."

"मग खा कमी."

कोट खुंटीवर गेला तो गेलाच. पण शंकासुरांच्या डोक्यातली शंका काही खुंटीवर जाईना. सगळाच लोचट कोटातला असला तर? विहीर स्वच्छच असली तर? 'देऊ नका' म्हणावं, तर बाईंची बदकं फुकट जायची. 'द्या' म्हणावं, तर पोरीच्या जिवाशी खेळ. मध्ये गप्प बसण्याची जागा तेवढी रिकामी होती. तिथे ते जाऊन बसले, आणि बसल्या जागी निवृत्तही झाले.

वर्षं गेली. अपिलं झाली, तारखा पडल्या, आणि एकदाचा हुकूम निघाला: विहिरींचे नमुने नव्याने घ्या. ती शिकाऊ मुलगी आता प्रयोगशाळेची प्रमुख झाली होती. सगळे तिला मॅडम म्हणत. मॅडमचा घरी फोन आला.

"सर, माणसं कमी आहेत. शिवाय त्या विहिरी तुम्हाला ओळखतात. याल का?"

शंकासुर म्हणाले, "मला जमेल का, शंका आहे." पण फोन ठेवल्यावर त्यांनी बराच वेळ पुस्तक उलटं धरलं होतं, यावरून बायकोने ओळखायचं ते ओळखलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी घरात गोंधळ उडाला. नवे नियम कडक होते. अंगाला साबण नाही, तोंडाला क्रीम नाही, केसांना तेल नाही. कपडे सुती, पुष्कळदा धुतलेले, तेही साध्या पाण्यात. दुकानातला कागदात गुंडाळलेला खाऊ नाही.

"जन्मभर मी आंघोळ करा, आंघोळ करा म्हणून मागे लागले," बायको म्हणाली, "आणि आता सरकारच सांगतंय की साबण लावू नका. तुमचं कुणीतरी वर बसलंय."

"अगं, शास्त्र आहे ते."

"आणि हा सदरा? याची कॉलर बघा. पुसायला घ्यायच्या लायकीचा आहे."

"म्हणूनच तो चांगला."

प्रयोगशाळेची गाडी आली, शंकासुर निघून गेले. बायकोने खिडकी उघडली. बाहेर बारीक झिमझिम सुरू झाली होती आणि गार वारा सुटला होता. तिची नजर खुंटीकडे गेली. निळा कोट तिथेच.

"विसरले," ती म्हणाली. "नेहमीप्रमाणे."

खालच्या आळीत, बदकवाल्या बाईंच्या परसात, विहिरीवर पंप लावलेला होता. नमुना घेण्याआधी नळीतलं शिळं पाणी बराच वेळ वाहू द्यावं लागतं, तसं ते वाहत होतं. शंकासुर विटक्या सदऱ्यात कुडकुडत उभे होते. मॅडम बर्फाच्या पेटीपाशी होत्या. कारखान्यातर्फे वकीलसाहेब आले होते, चकचकीत छत्री घेऊन. बाकी बदकं, ती कुणातर्फेच नव्हती. सगळ्यांच्या पायांतून फिरत होती.

"वकीलसाहेब, जरा त्या भिंतीपाशी उभे राहता का?" शंकासुर म्हणाले. "छत्री आहे ना, म्हणून."

"तुमच्या बाटलीला माझी छत्री चावते की काय?"

"चावते," शंकासुर म्हणाले. मग घाईघाईने म्हणाले, "म्हणजे, चावू शकते."

वकील हसत भिंतीपाशी गेला. शंकासुरांनी नवे हातमोजे चढवले, कोऱ्या बाटलीचं बूच काढलं आणि पाणी ओतायला हात वाकडा केला. तेवढ्यात परसाचं फाटक करकरलं. बायको होती. बसने आली होती, धापा टाकत होती, आणि डोक्यावर पावसाआड निळा कोट धरून तरातरा विहिरीकडे येत होती.

"अहो, कोट विसर..."

"थांब!" शंकासुर ओरडले. "तिथंच थांब! एक पाऊल पुढे टाकू नकोस!"

बदकं फडफडत दाही दिशांना पांगली. मॅडमच्या हातून पेटीचं झाकण पडलं. साऱ्या संसारात या माणसाने आवाज चढवला नव्हता. भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस न करणारा माणूस. बायको एक पाय अधांतरी ठेवून उभी राहिली. तिने नवऱ्याच्या हातातल्या उघड्या बाटलीकडे पाहिलं, मग डोक्यावरून कोट खाली घेऊन कोटाकडे पाहिलं. त्यावरचे थेंब टपटप घरंगळत होते. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. ती पावलं मागे मागे टाकत फाटकाबाहेर गेली आणि कोट कुंपणाच्या पलीकडे ठेवून आली.

"काय आणलं होतं बाईंनी?" वकिलाने मान उंच केली.

"रेनकोट," शंकासुर म्हणाले. "मागच्या वेळचाच. तुम्ही म्हणाला होतात ना, साहेबांच्या खिशातून सांडलं असेल? तोच खिसा." त्यांचे कान लाल झाले होते. "ती बरीच लांब होती. पण बाटली उघडी होती. ही मी बाद करतो. दुसरी आहे. पंप पुन्हा लावू, पहिल्यापासून करू. तुम्ही तसं लिहून घ्या."

वकिलाला वाद घालायची हौस होती, पण इथे वादाला जागाच उरली नव्हती. त्याने लिहून घेतलं. पंप पुन्हा सुरू झाला.

तेवढ्या वेळात बदकवाल्या बाईंनी शंकासुरांच्या बायकोला परसामागच्या पडवीत नेलं, टॉवेल दिला, चहा दिला. त्या वाळक्या, उंच, बोलायला खणखणीत. त्यांची नात दुधाचा दात पडलेली जागा जिभेने चाचपत पाहुणीकडे टकमक बघत होती. शंकासुर पंपाजवळून मधून मधून तिकडे पाहत. दोघी बायका जन्माची ओळख असल्यासारख्या बोलत होत्या. बायकोचा चेहरा मात्र मध्येच उतरला, तो त्यांना लांबूनही दिसला.

नमुने झाले. बाटल्यांना सील लागलं, सीलवर वकिलाची सही झाली, पेटी मॅडमच्या गाडीत चढली. कोट त्या गाडीतून नेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून नवराबायको कोट घेऊन बसने निघाली. बसमध्ये बायकोने घडी केलेला कोट जपून मांडीवर घेतला.

"तर तो कोट," बायको म्हणाली.

"हं."

"केव्हापासून माहीत आहे?"

"मागच्या सुनावणीनंतर."

"आणि मला सांगितलंत, घट्ट होतो."

"थोडा होतोच घट्ट."

"खोटं बोलतानासुद्धा 'थोडा' घालता तुम्ही," ती म्हणाली. पण आवाजात राग नव्हता. तिने त्यांचे गार पडलेले हात आपल्या हातांत घेऊन चोळले. "मी उसवून, सैल करून आणला तो. एकदा तरी बोलायचं."

"तू हौसेने आणला होतास."

"हो. तुमच्यासाठी आणला होता, खटल्यासाठी नाही." मग ती त्यांच्याकडे वळली. "ऐका. त्या बाई काय म्हणाल्या ते ऐका. नातीला अजून रोज अंडं देतात."

शंकासुरांनी मान वळवली.

"मी विचारलं, का हो, तुम्ही तर पत्र लिहून विचारलं होतं ना? तर म्हणाल्या, विचारलं होतं, पण साहेबांचं उत्तर आलं नाही. वाईट काही दिसलं असतं, तर एवढा सज्जन माणूस गप्प बसला असता का? म्हणून देत राहिले."

बस थांबली, माणसं उतरली, माणसं चढली. शंकासुर समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. आपण उत्तर दिलं नाही, असं ते इतकी वर्षं समजत होते. उत्तर तर कधीच पोचलं होतं, आणि ते 'हो' असं होतं.

"मी म्हटलं, ताई, तूर्त थांबवा," बायको म्हणाली. "तर म्हणतात, तुम्ही मायाळू आहात, पण पाणी काही तुम्ही तपासत नाही. साहेबांनी लिहून दिलं तर थांबवीन. लेकीलाही दाखवता येईल, ती नोकरीच्या गावाहून रोज फोनवर विचारते, अंडं दिलंस का म्हणून."

"निकाल येऊ दे," शंकासुर पुटपुटले. "तीन आठवड्यांत येईल. मग लगेच..."

"तोवर रोज एक अंडं."

बायकोने मांडीवरचा कोट सारखा केला. त्याच्या घडीतून काहीतरी पांढरं दिसलं.

"ही बघा, मलाही दोन दिली. नको नको म्हणत होते, ऐकेनात. संध्याकाळी आपल्याला ऑम्लेट करू?"

"नको."

"एकच करू मग. अर्धं अर्धं."

"नको म्हटलं ना! तू तर अजिबात खाऊ नकोस."

बोलून गेले आणि स्वतःच चपापले. बायको त्यांच्याकडे पाहत होती.

"मला नको म्हणायला बरं तुम्हाला निकाल लागला नाही," ती म्हणाली.

शंकासुरांनी खिडकीबाहेर पाहिलं. पण शंकासुरच ते; पळवाट दिसली की एकदा तरी डोकावून बघणारच. त्यांचा चेहरा उजळला. "अगं, अंडी आहेत ना आपल्याकडे! अंडीच तपासू. मॅडमना देऊ. म्हणजे नक्की आकडा मिळेल, आणि मग मी..."

प्रयोगशाळेच्या थांब्यावर ती दोघं उतरली. इमारतीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये गोण्यांची थप्पी लागलेली होती. शंकासुर नोकरीत असताना दुसऱ्या एका वस्तीत विहिरींना कोळशाच्या गाळण्या बसवल्या होत्या, त्यांतला वापरून झालेला कोळसा. कोळशाने लोचट पाण्यातून काढला खरा, पण आता तो कोळशात होता. जमिनीत पुरून टाकावा तर पुन्हा पाण्यात झिरपणार. साध्या भट्टीत जाळावा तर धुराड्यातून गावभर. फार मोठ्या आचेची भट्टी लागते, ती लांब, आणि तिथल्या लोकांनाही धूर नकोच होता. मागे कुणाला काही आणायला जायचं झालं की गोण्यांना वळसा घालून जायचं, एवढीच त्यांची सध्याची व्यवस्था.

"तुम्ही निवृत्त झालात सर, पण तुमच्या गोण्या अजून नोकरीत आहेत," मॅडम म्हणाल्या. आत गेल्यावर शंकासुरांनी अंड्यांचं सांगितलं. मॅडमनी मान डोलावली. "खटल्यात चालायची नाहीत. पण आपल्या माहितीसाठी लावून बघू. द्या. कशातून आणलीत?"

बायकोने कोट टेबलावर ठेवला आणि मोठ्या निगुतीने एकेक घडी उलगडायला लागली. "फुटतील म्हणून मऊ कशाततरी गुंडाळावीत म्हटलं," ती म्हणाली, आणि मधल्याच घडीवर तिचा हात थांबला.

मॅडमनी कोटाकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आवरेना. त्या हसल्या तशी बायको हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. शंकासुर आधी बघतच राहिले. मग तेही खुर्चीत बसून, सदऱ्याच्या विटक्या कॉलरीत तोंड लपवून गदागदा हसले. आता त्या अंड्यांत काय सापडलं तरी ते बदकाचं की कोटाचं, कुणी सांगावं? पळवाट बंद झाली होती, आणि बंद झाल्यावर त्यांना विलक्षण हलकं वाटलं.

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "मॅडम, मी त्या बाईंना पत्र लिहिणार आहे. आजच. अंडी देऊ नका म्हणून."

मॅडम गंभीर झाल्या. "खात्याच्या कागदावर नको, सर. खातं अंड्यांबद्दल काहीच म्हणू शकत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"घरच्या कागदावर."

"बाटल्या सील झाल्यात, सही वकिलाची आहे. तुम्ही काय लिहाल त्याने त्यातलं पाणी काही बदलत नाही." त्या थोड्या घुटमळल्या. "पण पत्र त्याच्या हाती लागलं, की तो म्हणेल, हे आधीच ठरवून आले होते. यापुढे या खटल्यात मला तुम्हाला पाठवता येणार नाही. पुढच्या महिन्यात उरलेल्या विहिरी आहेत. त्या तुमच्याकडूनच घ्यायच्या होत्या मला."

शंकासुरांनी खिडकीखालच्या ओट्यावर धुऊन पालथ्या घातलेल्या बाटल्यांकडे पाहिलं. सकाळपासून त्यांना आपण तरुण झाल्यासारखं वाटत होतं.

"पंपाची नळी घाईने काढत जाऊ नका," ते म्हणाले. "सगळे तिथेच घाई करतात."

"तुमच्याच हाताखाली शिकले, सर," मॅडम म्हणाल्या, आणि अंडी कचऱ्याच्या डब्याऐवजी कुठे टाकावीत याचा विचार करत उभ्या राहिल्या. तेही अजून कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

घरी आल्यावर शंकासुरांनी पायमोजेसुद्धा बदलले नाहीत. टेबलावरची पुस्तकं बाजूला सारून ते लिहायला बसले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. कागद एकच लागला.

'बाई,

नाही. नातीला अंडं देऊ नका.

तुम्ही आज दिलेली अंडी मी माझ्या बायकोलाही खाऊ दिली नाहीत. किती बाधतं ते मला माहीत नाही, आणि अंड्याबद्दल खात्याचा नियमही नाही. बदकांना विहिरीचं पाणी बंद करा, बाहेरून येणारं पाणी द्या. हळूहळू त्यांच्या अंगातलं कमी होतं म्हणतात. किती दिवसांत, ते मी सांगू शकत नाही. बदकं मारू नका. अंडी विकूही नका.

तुम्ही विचारलंत तेव्हाच मी हे लिहायला हवं होतं. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ 'द्या' असा नव्हता. मला धीर झाला नाही, एवढंच.'

खाली त्यांनी पूर्ण नावाची सही केली. ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलेलं बघून त्यांना जरा परकं वाटलं.

बायकोने पत्र वाचलं. "थोडी लांबण लागली."

"खोडू का काही?"

"नको. चष्मा लावतील त्या."

कोपऱ्यावरची टपालपेटी उघडायची वेळ होत आली होती. दोघंही निघाली. झिमझिम थांबली होती, रस्ता ओला होता. पेटीपाशी शंकासुरांनी पाकीट फटीत अर्धं सरकवलं, पुन्हा बाहेर काढलं, पत्ता वाचला, तिकीट अंगठ्याने दाबून पाहिलं. बायकोने त्यांची कॉलर नीट केली.

त्यांनी पाकीट पुन्हा आत सरकवलं आणि बोटं सोडली. मग वाकून, एक डोळा मिटून फटीतून आत पाहायला लागले.

"पडलं," बायको म्हणाली. "मी ऐकलं."